कोलन क्लीन्झिंग करून घेणं सेफ आहे का? पोट साफ राहायला दुसरा काही चांगला उपाय?

सेफ नाही. निदान धडधाकट माणसाने पैसे मोजून करून घ्यावं असं तर अजिबात नाही. हे वाचून नाही सांगत, हॉस्पिटलात दोन रात्री काढून सांगतेय.

आमच्या मोठ्या जाऊबाई अंधेरीला एका ठिकाणी जायच्या. तीन सेशनचं पॅकेज, सोबत कोणाला आणलं तर त्याला निम्म्यात. ते निम्म्यातलं माणूस म्हणजे मी. मला बद्धकोष्ठ होतंच, त्यात दिवाळीत सगळ्यांसमोर "तुझा चेहरा बघ, आतडी तुंबलीयत" म्हणाल्या, मग काय, गेले. कुशीवर झोपवतात, मागून नळी घालतात आणि कोमट पाणी आत सोडत-काढत राहतात, किती बादल्या होतात देव जाणे. शेजारी काचेची नळी, तिच्यामागे लाइट. ती मुलगी कौतुकाने दाखवतेय, "बघा मॅडम, वर्षानुवर्षांचा कचरा." अहो, मला त्यात आदल्या रात्री खाल्लेले मक्याचे दाणे दिसत होते, वर्षानुवर्षांचं कसलं!

फॉर्मवर नाव, वजन, मोबाइल नंबर. बीपीची गोळी चालू आहे का हे कोणी विचारलं नाही, आणि माझ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. दुसऱ्या सेशननंतर मेट्रोने घाटकोपरला आले, पुलाच्या जिन्यावरच हातपाय गळाले, फलाटावर उलटी. एका कोळणीने टोपली सरकवून बसायला जागा दिली आणि माझ्याच फोनवरून ह्यांना फोन लावला. हॉस्पिटलात रक्त तपासलं, सोडियम निघालं १२४. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. डॉक्टर म्हणाले आत सोडलेलं थोडं पाणी आतडं शोषून घेतं, क्षार बाहेर जातात, वर तुमची गोळी, अजून घसरलं असतं तर फिट आली असती. जाऊबाईंचं म्हणणं आजही एकच, "तू रिकाम्या पोटी गेलीस."

आतड्याला मळ वर्षानुवर्षं चिकटून राहतो हीच मुळात थाप आहे. आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, चिकटणार कशाला? रक्त साफ करायला लिव्हर आणि किडनी आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या डिटॉक्स पावडरींत तर इसबगोल आणि माती घालतात, त्याचाच फुगून रबरासारखा गोळा बाहेर पडतो आणि लोक फोटो टाकतात. नळीने आतड्याला भोक पडल्याच्या केसेस आहेत, नळी नीट निर्जंतुक केलेली नसेल तर इन्फेक्शन वेगळंच.

जाऊबाईंचा हुकमी मुद्दा, "कोलोनोस्कोपीच्या आधी डॉक्टरपण साफ करतातच की." करतात, कॅमेऱ्याला दिसावं म्हणून! तब्येत सुधारते म्हणून नाही.

आता उपाय. माझं बद्धकोष्ठ कुठून आलं होतं? पंचवीस वर्षं सकाळची ६:२७ ची फास्ट पकडली, कळ आली तरी दाबून धरली, ऑफिसच्या बाथरूमला जायची लाज, पाणी कमी प्यायचं कारण मग बाथरूम शोधावं लागतं. जेवणात वडापाव नाहीतर उपासाची साबुदाणा खिचडी, दोन्हीत चोथा नावाला. आता अर्धा तास आधी उठते, गरम चहा पिऊन दहा मिनिटं बसते, येवो न येवो. बसताना पायाखाली पाट, हसू नका, फरक पडतो. ज्वारीची भाकरी, सालीसकट पेरू, मोड आलेली मटकी, दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर व्हायला हवं, पण हळूहळू वाढवा नाहीतर गॅसने घरचे पळतील. इसबगोल शेजारच्या काकींनी सुरू करून दिलं, त्या गुजरातेतल्या उंझ्याकडच्या, तिकडे त्याचा मोठा बाजार. भरलेला ग्लास पाणी लागतंच, कोरडं घेतलं तर घशात अडकतं. सोनामुखीची चूर्णं कधीतरी ठीक, रोजची नाहीत.

आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं. शौचातून रक्त, वजन उतरणं, पंचेचाळीशीनंतर अचानक बदललेली सवय असेल तर माझी भाकरी विसरा, डॉक्टरकडे जा. किडनी, हार्ट, मूळव्याध, आतड्याची सूज, प्रेग्नन्सी ह्यापैकी काही असेल तर त्या नळीच्या जवळपासही फिरकू नका. वैद्यांच्या बस्तीबद्दल, म्हणजे आयुर्वेदातल्या एनिमाबद्दल, मी बोलत नाहीये, त्यातलं मला कळत नाही.

परवा जाऊबाईंनी फॅमिली ग्रुपवर नव्या पॅकेजचा फोटो टाकला, "ह्यावेळी पोहे खाऊन जाऊ." मी डिस्चार्ज पेपर स्कॅन करून ठेवलाय. ह्यांनी हात जोडलेत म्हणून अजून पाठवला नाही.