काळ्या जमिनीत लेलँड सायप्रस

प्रश्न : घराच्या पश्चिमेला 40 फूट कुंपण आहे, जमीन भारी काळी. आडोशासाठी झपाट्याने वाढणारा लेलँड सायप्रस लावायचा आहे. कसा लावावा? – एक वाचक, लातूर

उत्तर : मॉन्टेरी आणि नूटका या दोन सायप्रसांचा (सदाहरित सूचिपर्णी झाडांचा) हा संकर 1888 मध्ये वेल्समधल्या लेटन हॉलच्या बागेत आपोआप झाला. थंड, दमट हवेत तो वर्षाला तीन फूट वाढतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तेवढी वाढ धरू नका. त्याची मुळे वरच्या थरातच पसरतात. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून ती कुजतात आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की तुटतात.

म्हणून सपाट खड्ड्यात लावूच नका. माती दोन भाग, मुरूम एक भाग, कुजलेले शेणखत एक भाग असा दीड फूट उंच, चार फूट रुंद गादीवाफा करा. कुंपणापासून पाच फूट आत, दोन रोपांत सात फूट अंतर. 40 फुटांत सहाच रोपे बसवा. दाटी केली की आत हवा खेळत नाही आणि खालच्या फांद्या वाळतात. पिशवीत गोल फिरलेली मुळे मोकळी करा, गड्डा वाफ्याच्या पातळीतच ठेवा. प्रत्येक रोपाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, खोडापासून फूटभर दूर. उन्हाळ्यात माती चार इंच खोल उकरून बघा, कोरडी लागली तरच दोन तास ठिबक चालवा. सोयाबीनच्या भुसकटाचे तीन इंच आच्छादन करा, पण ते खोडाला टेकू देऊ नका.

छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत करा आणि फक्त हिरव्या भागातच. तपकिरी जुन्या लाकडापर्यंत कापलेत तर तिथे पुन्हा फूट येत नाही, भगदाड कायम राहते.

मे महिन्यात टँकर घ्यावा लागत असेल तर मात्र मोरपंखीच लावा, तीन-तीन फुटांवर. वाढ सावकाश, पण चुनखडीची जमीन आणि पाण्याचा ताण ती कितीतरी चांगला सोसते.

प्रश्न : लेलँडच्या मधल्याच दोन-तीन फांद्या तांबूस होऊन वाळल्या. कोणती फवारणी करू? – एक वाचक, जालना

उत्तर : आतली जुनी पाने सगळीकडे सारखी तपकिरी होत असतील तर काळजी नको. सुट्या फांद्या वाळत असतील तर तिथली साल बघा. खोलगट काळपट डाग आणि त्यातून पाझरलेला डिंक दिसला तर हा कॅन्कर, म्हणजे साल मारणारा बुरशीजन्य रोग आहे. पाण्याचा ताण पडलेल्या झाडाला तो लवकर गाठतो. फवारणीने तो बरा होत नाही. डागाच्या खाली तीन-चार इंच निरोगी लाकडात फांदी कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा, कापलेले जाळून टाका. डाग मुख्य खोडावर गेला असेल तर झाड काढा आणि त्या जागी पुन्हा लेलँड लावू नका.