जादूचे फासे आणि नऊ वर्षांची मुलगी

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने मैत्रिणीकडे जादूच्या शाळेतल्या मुलांचा एक खेळ पाहिला. टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची, अडले की फासे टाकायचे, आणि शेवटी कोणीच जिंकत नाही, असे ती सांगते. आता गोष्ट मी चालवावी असा तिचा हट्ट आहे. तिच्या वयाला हा खेळ झेपेल का? — एक आई

उत्तर : झेपेल, मात्र नियमपुस्तक तिच्या हाती न देता तुम्हीच वाचावे. वर्णनावरून हा 2020 साली आलेला ‘किड्स ऑन ब्रूम्स’ किंवा त्याच जातकुळीतला खेळ दिसतो. प्रत्येकाने गोष्टीतले एक पात्र होऊन खेळायच्या अशा खेळांची परंपरा 1974 च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून सुरू झाली; त्या परंपरेत जादूगाराला मंत्रांची भलीमोठी यादी सांभाळावी लागते, येथे मात्र मंत्र खेळाडूनेच सुचवायचा आणि त्याची व्याप्ती पाहून तो किती अवघड हे गोष्ट चालवणाऱ्याने ठरवायचे. शाळाही आधी सगळ्यांनी मिळून रचायची असते.

पात्राला बुद्धी, बळ, गोडवा असे सहा गुण असतात आणि चार, सहा, आठ, दहा, बारा व वीस बाजूंचे सहा फासे त्यांना वाटून द्यायचे असतात. समजा, गोडव्याला चार बाजूंचा फासा देणारी मुलगी म्हणाली, “मी दिव्याला गोड बोलून झोपवते,” आणि तुम्ही सात आकडा सांगितला, म्हणजे फाशांची बेरीज निदान सात व्हायला हवी. फाशावर चार पडले. सर्वांत मोठा आकडा पडला की पुन्हा टाकता येते, म्हणून तिने परत टाकला, दोन आले, आणि जादूच्या वेगळ्या चार बाजूंच्या फाशाचा एक मिळवून सात झाले. दिवा झोपला! त्या क्षणी होणारा आरडाओरडा शेजाऱ्यांपर्यंत जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

फासा हरला तर खेळाडूला एक टोकन मिळते आणि पुढे ते खर्चून बेरजेत एकाची भर घालता येते. म्हणूनच अपयश आले की “जमले नाही” एवढेच म्हणून थांबू नका. दिवा भडकला, पहारेकरी जागा झाला, असे काही घडू द्या, म्हणजे गोष्ट अडणार नाही.

तुमची खरी परीक्षा वेगळीच आहे. पहिल्या वेळी मी चार पाने कथानक लिहून बसलो होतो आणि मुलांनी पाचव्याच मिनिटाला दुष्ट ग्रंथपालाशी मैत्री करून ती चारही पाने निकामी केली. तुम्ही फक्त एक जागा, एक अडचण आणि दोन पात्रे ठरवून बसा. कशाची भीती वाटते, काय गोष्टीत नको, हे मुलांना सुरुवातीलाच विचारा आणि तासाभरात, शक्यतो एखादे दार उघडता उघडता, त्या दिवसाचा खेळ थांबवा.