वडिलांच्या वर्कशॉपमधलं जुनं लेथ मशीन ठेवावं की विकावं?

विका.

तुम्ही लिहिलंय की आठ फुटी लेथ, म्हणजे लोखंडी तुकडा (जॉब) फिरवून कातायचं मशीन आहे, वडील गेल्यापासून सहा वर्षं बंद आहे, गाळा भाड्यानं द्यायचाय, किंमत किती येईल कळत नाही आणि बहीण म्हणते ठेव. हे 'बहीण म्हणते ठेव' वाचलं आणि ठरवलं की जेवण झालं की उत्तर लिहायचंच. आमच्याकडे बहिणीच्या जागी धाकटा भाऊ आहे, आणि २०१८ साली विकलेल्या मशीनवरून अजून दर दिवाळीला फराळ कडू होतो.

आमचं कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. आबांनी, म्हणजे वडिलांनी, १९७४ साली पंजाबातल्या बटाल्याचं दहा फुटी मशीन घेतलं, तेही सेकंडहँड. कोन पुली, गॅप बेड, इंची लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू). या धंद्यातल्या माणसाला एवढ्यावरून चेहरा दिसेल. गॅपमुळे, म्हणजे बेड या लांब पाट्यातल्या खाचेमुळे, मोठ्या व्यासाचा जॉब बसायचा, म्हणून दसऱ्याच्या सुमाराला, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आधी, चरकाचे रोलर आणि शाफ्ट घेऊन आमच्या दारात रांग. करवीर, पन्हाळा, शिरोळकडची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जॉब टाकून यायची आणि 'मेस्त्री, उद्या घाणा धरायचाय' म्हणत बाकड्यावर बसून राहायची. आबा मान वर न करता म्हणायचे, "मग काल का नाही आलास?" आणि रात्री अकरापर्यंत उभं राहून काम करून द्यायचे.

मीही त्याच मशीनवर हात बसवला. चावी चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीत, विसरायची नाही हा पहिला धडा, आणि तोच मी विसरलो. स्विच मारला, चावी भिंतीवर जाऊन आपटली. विटेचा टवका उडाला तो अजून तसाच आहे. पुढं मी एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला लागलो, धाकटा इंजिनिअर होऊन पुण्याला हिंजवडीत गेला. मशीनवर आबा एकटेच राहिले. २०११ ला ते गेले आणि मशीन बंद पडलं.

बंद मशीन म्हणजे काय ते तुम्हाला सहा वर्षांत कळलं असेलच. कोल्हापूरचा पाऊस. दर जूनमध्ये ताडपत्री काढायची, रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्यानं बेडवरचा तांबूस थर पुसायचा, ग्रीस फासायचं, वर गोणपाट टाकायचं. खालच्या ट्रेमध्ये उंदरांनी बाळंतपणं केली. हे सगळं मी करायचो. धाकटा दिवाळीला यायचा, गोणपाट बाजूला करून हँडलवर हात ठेवून फोटो काढायचा आणि 'आबांचं मशीन' म्हणून स्टेटस लावायचा. गोणपाट परत टाकायचंही त्याला सुचायचं नाही.

शेजारचा गाळा तेव्हा महिना नऊ हजारानं जात होता. सात वर्षं म्हणजे चौऱ्याऐंशी महिने, म्हणजे ७ लाख ५६ हजार. एवढ्या पैशांची आठवण आम्ही गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. हा हिशोब मी कागदावर मांडून धाकट्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "प्रत्येक गोष्ट पैशात मोजायची नसते." ज्याला घरपट्टी भरावी लागत नाही त्याला असं सुचतं.

शेवटी भंगारवाला बोलावला. त्यानं अंदाजे तीन टन धरले, सव्वीस रुपये किलो, म्हणजे ७८ हजार. बेडवर हात मारून म्हणाला, "बीडच आहे, ओतीव लोखंड, घणाचे चार घाव घातले की तुकडे." ते माझ्या कानाला लागलं. पुढं काय होतं ते मला रोज दिसत होतं ना. असले तुकडे आमच्यासारख्याच फौंड्रीच्या भट्टीत जातात आणि पंपाची बॉडी होऊन बाहेर पडतात. म्हटलं, दोन दिवसांनी सांगतो.

त्या दोन दिवसांत कागलकडचा एक टर्नर आला. तिशीतला पोरगा, स्वतःचं शेड नुकतंच टाकलेलं. त्यानं आधी किंमत विचारलीच नाही. ग्रीस पुसलं, कॅरेज (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) चकजवळ नेली, गिब (तिची फट भरणारी पट्टी) आवळून ढिलाई काढली आणि तशीच टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, ढकलत नेली. अर्ध्यावर कॅरेज घट्ट झाली. पोरगा हसला. तुम्हाला ही परीक्षा माहीत नसेल तर सांगतो: बहुतेक सगळं काम चकजवळच्या हातभर जागेत होतं, तिथं बेड झिजतो, दुसरं टोक कोरं राहतं. झिजलेल्या जागी नीट बसवलेली कॅरेज कोऱ्या जागी अडकली की समजायचं, बेड घासायला आलाय. तुमच्याकडे येणारा जाणता गिऱ्हाईक हेच करणार, तेव्हा आधी स्वतः करून बघा.

मग म्हणाला, "काका, चालू करून दाखवा." मोटर नुसतीच घूं करून थांबली. तीन एचपीची मोटर, साडेचार हजार देऊन रिवाइंडिंग करून आणली. चौथ्या दिवशी पट्टा चढवला, स्विच मारला. पट्ट्याचा जोड पुलीवरून जाताना टक् टक् वाजायचा, तो आवाज सात वर्षांनी आला. मी उगाचच तेलाची बुधली शोधायला मागं गेलो.

पोरगा ६५ हजार म्हणाला. चाळीस रोख, पंचवीस हंगाम संपल्यावर. दिलं मी.

आईला संध्याकाळी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "चालवणार आहे ना तो?" हो म्हटल्यावर पुन्हा भाकऱ्या थापायला लागली.

धाकट्यानं मात्र एकाच फोनवर दोन आरोप केले. पहिला, मी आबांची आठवण विकली. दुसरा, अठ्ठ्याहत्तरचं मशीन पासष्टला विकलं. अरे बाबा, दोन्ही कसं खरं असेल? आठवण असेल तर तेरा हजारांचं रडगाणं कशाला, आणि भंगार असेल तर आठवण कसली? मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, एवढं वाटत असेल तर क्रेनचं भाडं मी देतो, पुण्याच्या फ्लॅटवर घेऊन जा, तिसऱ्या मजल्यावर. त्यावर तो गप्प. तुमच्या बहिणीलाही हाच प्रश्न विचारा, पण गोड आवाजात. मी गोड आवाजात विचारला नव्हता.

हंगाम संपल्यावर पंचवीस हजार आले, सोबत दोन ढेपा गूळ. हे धाकट्याच्या हिशोबात कधी धरलं जात नाही.

किमतीचं विचारलंय. वजनाला भंगाराचा जो भाव येईल तो तुमचा तळ समजा. तीन जणांना विचारा, एकाला नाही. चालू स्थितीतलं, सोबत चक, स्टेडी (लांब जॉबचा आधार), चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायचे सुटे गिअर) असं सगळं असलेलं आठ फुटी मशीन त्याच्या वर जातं. किती वर, ते बेड किती झिजलाय त्यावर. बंद मशीन दाखवलंत तर समोरचा किलोतच बोलणार. मी भंगारापेक्षा कमी घेतलं ते मशीन चालत राहावं म्हणून, ते तुमच्या हिशोबात धरू नका.

हलवताना स्वतः समोर उभे राहा. हेडस्टॉकचं, म्हणजे चककडचं, टोक जड असतं, त्यामुळं कॅरेज आणि टेलस्टॉक उलट्या टोकाला नेऊन आवळून ठेवायचे, मगच उचलायचं. क्रेनवाल्यांना घाई असते, ते पट्टा सरळ लीड स्क्रूवरून फिरवतात आणि तो वाकतो. आमच्याकडे मी ओरडलो म्हणून वाचला.

आता तुमच्या बाबतीत 'विका' चुकीचं ठरू शकतं ते कधी, तेही सांगतो, नाहीतर खालीच कुणीतरी शिव्या घालेल. तुम्ही स्वतः आठवड्यातून एकदा तरी त्यावर उभे राहत असाल तर ठेवा. घरात कुणी आयटीआयला टर्नर ट्रेडला असेल तर नक्की ठेवा. सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आली म्हणून जुनं मशीन मेलं असं अजिबात नाही. शंभर सारखे जॉब सीएनसीवर, पण मोडलेला एकच शाफ्ट घेऊन आलेला माणूस आजही अशाच मशीनकडे जातो. गाळ्याचं भाडं किरकोळ येणार असेल तर घाई करू नका. मशीन फर्मच्या नावावर असेल तर बिलाचं सीएला विचारा. आणि बहिणीची संमती लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. माझा धाकटा फोनवर म्हणाला होता, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि आता ते त्याला आठवत नाही.

एक राहिलंच. विक्रीच्या आधी गणपतीला धाकटा आला तेव्हा चेंज गिअरच्या डब्यातला सगळ्यात मोठा, ताटलीएवढा गिअर 'आठवण म्हणून' घेऊन गेला. मी लक्ष दिलं नाही. तीन महिन्यांनी कागलहून फोन, "काका, मिलिमीटरचे आटे निघेनात, १२७ चा गिअरच नाही." इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरची पिच (आट्यांमधलं अंतर) काढायची तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच २५.४ मिलिमीटरचा, त्याची पाचपट १२७, आणि ती मूळ संख्या, त्यामुळं लहान गिअर जोडून ती बरोबर जुळत नाही. धाकट्यानं तोपर्यंत त्याला काटे लावून हॉलमध्ये घड्याळ केलं होतं. परत मागितला तर म्हणाला, आता आबांचं तेवढंच उरलंय. मी ३,२०० रुपये देऊन त्या पोराला नवा पाडून दिला.

तेव्हा गिऱ्हाईक बोलावण्याआधी डबा उघडून सगळ्या गिअरचे दात मोजून कागदावर लिहून ठेवा. बहीण माहेरी यायच्या आत.