पार्ट्स वॉशिंग मशीन: टाकीतलं केमिकल कधी बदलायचं, कधी सांभाळायचं?

मशीन शॉपमधल्या वॉशिंग मशीनबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न आज घेतो. सगळे गरम पाण्यात अल्कलाइन (क्षारीय) केमिकल वापरणाऱ्या स्प्रे मशीनचे आहेत.

प्रश्न: आमच्याकडे 400 लिटरची टाकी आहे, केमिकल 3 टक्के, तापमान 60 अंश. दर 15 दिवसांनी सगळं द्रावण काढून टाकतो. तरी शेवटचे चार दिवस जॉब (धुतलेले पार्ट्स) तेलकट येतात. आठवड्याने बदलावं का? (क्वालिटी सुपरवायझर, भोसरी)

नको. आधी मोजायला लागा. शेवटच्या चार दिवसांत टाकीत केमिकल किती उरलेलं असतं, हे तुम्हाला आज माहीत नाही. माझ्या अंदाजाने ते दहाव्या दिवशीच दोन टक्क्यांच्या खाली गेलेलं असेल आणि रोजचा टॉप-अप (कमी झालेली पातळी भरून काढणं) नुसत्या पाण्याचा होत असेल. वाफेवर फक्त पाणी जातं, पण जॉब आणि बास्केटला चिकटून बाहेर जातं ते पाणी आणि केमिकल दोन्ही. नुसतं पाणी ओतत राहिलात की द्रावण रोज थोडं पातळ होतं. टाकी मात्र भरलेली दिसते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

पीएच (आम्लता-क्षारता) दाखवणाऱ्या पेपरवर विसंबू नका. तीव्र अल्कली दहापट पातळ केली तरी पीएच जेमतेम एकाने उतरतो, आणि तुमच्या केमिकलमध्ये बफर (पीएच टिकवून धरणारे घटक) असल्यामुळे तेवढाही उतरत नाही. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून ताकद दाखवणारं उपकरण) ताज्या द्रावणात बरोबर दाखवतो, पण जॉबबरोबर आलेलं कूलंट (मशीनिंगचं थंड करणारं द्रावण) आणि विरघळलेलं तेल तो केमिकल म्हणूनच मोजतो. म्हणजे द्रावण जितकं घाण, तितका आकडा छान!

खात्रीचा मार्ग टायट्रेशनचा, म्हणजे ॲसिड मोजून घालत अल्कली किती आहे ते काढण्याचा. त्याला लॅब लागत नाही. ब्युरेट (खुणांची काचनळी), कोनिकल फ्लास्क, फिनॉल्फथॅलीन (रंग बदलणारा इंडिकेटर) आणि एन/10 हायड्रोक्लोरिक ॲसिड एवढं पुरतं. नमुना पंप चालू असताना, तेलाच्या थराखालून घ्या आणि थंड होऊ द्या. त्यातलं 10 मिली फ्लास्कमध्ये घ्या, इंडिकेटरचे दोन थेंब टाका. गुलाबी रंग येईल. मग ॲसिड थेंबाथेंबाने सोडत फ्लास्क गोल फिरवत राहा. ज्या थेंबाला गुलाबी रंग पूर्ण जातो, तिथला आकडा लिहा.

ॲसिडच्या मिलीवरून टक्के काढायचा गुणक पुरवठादार देतो, पण माझं ऐकाल तर स्वतःचा तक्ता बनवा. तुमच्याच पाण्यात 1, 2, 3 आणि 4 टक्क्यांचं ताजं द्रावण करून प्रत्येकाला किती ॲसिड लागतं ते टिपा. समजा 3 टक्क्यांना 9 मिली लागलं आणि आजच्या नमुन्याला 6.3, तर ताकद 2.1 टक्के. कमी पडलेले 0.9 टक्के म्हणजे 400 लिटरला 3.6 किलो. तेवढंच टाका. अंदाजाने डबा उपडा करू नका. पावडर असेल तर बादलीतल्या पाण्यात थोडी थोडी घालून विरघळवा आणि मग टाकीत सोडा. पावडरवर पाणी कधीही ओतू नका, त्यातलं कॉस्टिक (तीव्र अल्कली) उसळतं. हातमोजे आणि गॉगल हवेतच.

मग द्रावण बदलायचं कधी? गुलाबी गेल्यावर त्याच फ्लास्कमध्ये मिथाइल ऑरेंज (दुसरा इंडिकेटर) टाकून पुढे टायट्रेट करा. पहिला आकडा कामाला शिल्लक असलेल्या अल्कलीचा, शेवटचा एकूण अल्कलीचा. द्रावण जुनं होत जातं तसं दोन्हींतलं अंतर वाढतं. एकूण भागिले पहिला, हे गुणोत्तर ताज्या द्रावणाच्या दुप्पट झालं की मी बदलायला सांगतो. तोवर सांभाळा. अमाइनवाल्या न्यूट्रल क्लीनरला ही रीत चालत नाही, तिथे पुरवठादाराची पद्धत घ्या.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, शिफ्ट, ताकद, किती किलो टाकलं, किती पाणी घातलं. महिनाभरात तुमची टाकी कशी वागते ते तुम्हालाच दिसेल.

प्रश्न: थंडीत पहिल्या शिफ्टला मशीनमधून फेस बाहेर येतो, दुपारी आपोआप कमी होतो. डीफोमर (फेस मारणारं केमिकल) रोज टाकावा लागतो. (शिरोली, कोल्हापूर)

दुपारी कमी होतो, यातच उत्तर आहे. स्प्रे मशीनच्या केमिकलमधले लो-फोम घटक एका ठरावीक तापमानाच्या वर गेले की पाण्यातून वेगळे होऊ लागतात आणि फेस दाबतात. त्याला क्लाउड पॉइंट म्हणतात. त्याखाली तेच घटक साबणासारखे फेसाळतात. तुमचा ऑपरेटर हीटर आणि पंप एकाच वेळी चालू करतो आहे. डेटाशीटवर फवारणीचं किमान तापमान दिलेलं असतं. त्याखाली पंप सुरूच होणार नाही असा इंटरलॉक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि हीटरला शिफ्टच्या आधी चालू होणारा टायमर लावा.

तरीही फेस राहिला तर पंपाची सक्शन बाजू बघा. पातळी कमी असली किंवा सील गळत असला की हवा ओढली जाते. एका कारखान्यात मी दोन दिवस केमिकल तपासत बसलो होतो. शेवटी कळलं, रात्री फरशी धुणारा माणूस उरलेलं साबणाचं पाणी वॉशिंग मशीनच्या टाकीत ओतत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

डीफोमर सिलिकॉनचा असेल आणि जॉब पुढे पेंटला जात असेल तर आजच बंद करा. पेंटवर खड्डे पडतात.

प्रश्न: गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी टाकीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. (पिंपरी)

सुट्टीत टाकी थंड झाली, वर तेलाचा जाड थर बसला, खाली हवा पोचली नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढले आणि त्यांनी हायड्रोजन सल्फाइड सोडला. पण सुट्टी हीच तुमची संधी आहे. पंप चालू असताना तेल द्रावणात घुसळलेलं असतं; पंप थांबला की ते वर येतं. बहुतेक ठिकाणी मी उलटं पाहतो: बेल्ट स्किमर (फिरत्या पट्ट्याने वरचं तेल काढणारं यंत्र) पंपाबरोबर चालू आणि पंपाबरोबरच बंद. बुधवारी शेवटची शिफ्ट संपली की स्किमर काही तास चालवा आणि शुक्रवारी पंप सुरू करण्याआधी पुन्हा चालवा. बेल्टचं वायपर झिजलेलं असेल तर ते आधी बदला.

तळाचा गाळही काढा. बर आणि चिपच्या (धातूच्या कणांच्या) चिखलात जिवाणू बसलेले असतात, वरचं द्रावण बदलून ते जात नाहीत. बायोसाइडकडे (जिवाणू मारणाऱ्या केमिकलकडे) सर्वांत शेवटी वळा. टाकी साफ करताना झाकण उघडून वास जाऊ द्या, कुणालाही एकट्याला आत उतरवू नका.

प्रश्न: कास्ट आयर्नचे जॉब धुतल्यावर तासाभरात लाल पडतात. केमिकल बदलून पाहिलं, फरक नाही. पाणी बोअरचं आहे. (वाळूज)

केमिकलला दोष देण्याआधी बोअरच्या पाण्यातला क्लोराइड तपासून घ्या. टाकी 500 लिटरची आणि रोज 50 लिटर वाफेवर जात असेल, तर तेवढंच बोअरचं पाणी तुम्ही रोज घालता. पाणी उडतं, क्षार राहतात. दहा दिवसांत क्लोराइड दुप्पट. टॉप-अप आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने सुरू करा, निदान शेवटच्या रिन्सच्या (खंगाळण्याच्या) टाकीत तरी. त्याच टाकीत रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंज रोखणारं केमिकल) ठेवा आणि त्याचीही ताकद तपासा. जॉब गरम बाहेर यावा आणि ब्लोअरने लगेच सुकावा. आंधळ्या (आरपार नसलेल्या) भोकांत पाणी राहिलं तर गंज तिथूनच सुरू होतो. उघड्या हाताने उचलू नका, घामात मीठ असतं.

याच मशीनमधून ॲल्युमिनियमही धुणार असाल तर आधी तुकडा घालून बघा. कास्ट आयर्नसाठीचं कडक अल्कलाइन केमिकल ॲल्युमिनियमला काळं पाडतं.

प्रश्न: काढलेलं द्रावण गटारात सोडलं तर चालतं का? तसा साबणच आहे. (अंबड, नाशिक)

नाही. त्यात तेल आहे, धातूचा चुरा आहे, अल्कली आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात सांडपाण्याच्या अटी असतात, त्या वाचा. द्रावण तुमच्या ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत) किंवा त्या पत्रात ठरवून दिलेल्या मार्गानेच गेलं पाहिजे. स्किमरचं तेल 2016 च्या घातक कचरा नियमांत येतं. ते झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून ठेवा आणि अधिकृत रिसायकलरलाच द्या. 90 दिवसांच्या वर साठवू नका. भंगारवाल्याला देऊ नका, तो दर कितीही चांगला देवो.