अ‍ॅक्युपंक्चरच्या जोडीला डीएलपीए द्यावं का?

आईंचे गुडघे दुखतात, नागपुरातच अ‍ॅक्युपंक्चर चालू आहे, बीपीची गोळीही आहे, आणि सुयांचा गुण टिकावा म्हणून कुणीतरी ५०० मिलिग्रॅमची डीएलपीए कॅप्सूल (फेनिलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची डी आणि एल ही दोन रूपं एकत्र) सुचवलीय. द्यावी का, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: देऊ नका.

कल्पना निराधार नाही. सुई टोचली की शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, एन्केफॅलिन त्यातलंच एक. ते काही क्षणांत तुटतं. तोडणाऱ्या एन्झाइमला डी-फेनिलअ‍ॅलानिन अडवतं, म्हणून परिणाम जास्त वेळ टिकेल असा हिशेब. १९८०च्या दशकात जपानमध्ये हे माणसांवर तपासलं गेलं. सुयांच्या अर्धा तास आधी ४ ग्रॅम डी-फेनिलअ‍ॅलानिन दिलं होतं. दात काढताना फायदा दिसला, कंबरदुखीत तेवढा ठाम नाही.

आता तुमची कॅप्सूल बघा. डीएलपीए म्हणजे अर्धं डी, अर्धं एल. म्हणजे ५०० मध्ये डी फक्त २५०. त्या ४ ग्रॅमला पोचायला १६ कॅप्सूल लागतील, आणि सोबत ४ ग्रॅम एलही पोटात जाईल. एलपासून शरीर टायरोसिन आणि पुढे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनवतं: बीपी वाढणं, धडधड, झोप उडणं. कमी डोसचं म्हणाल, तर २५० मिलिग्रॅम डी दिवसातून चारदा देऊन जुनाट दुखण्यावर १९८६ साली चाचणी झाली. औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

जिमवाल्यांचं बीसीएए (ल्युसिनसारख्या अमिनो आम्लांची पावडर) तर नकोच. त्यातलं ल्युसिन मेंदूत शिरायला फेनिलअ‍ॅलानिनशीच स्पर्धा करतं.

दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर ट्रिप्टोफॅन, ५-एचटीपी ही पूरकं अजिबात देऊ नका. त्यांपासून शरीर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बनवतं. सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं. पार्किन्सनच्या लेव्होडोपाबरोबर फेनिलअ‍ॅलानिनही नको, औषधाचं शोषण घटतं.

विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे म्हणून सांगते: अमेरिकेत २०१७ साली सिकलसेलसाठी मंजूर झालेलं एल-ग्लुटामिन हे अमिनो आम्ल वेगळं. ते डॉक्टरांच्या देखरेखीत सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी व्हावेत म्हणून देतात, वेदनाशामक म्हणून नाही. झटका आला तर सुया नकोत, थेट दवाखाना.

पैसा आणि लक्ष सुयांवरच लावा. आठवड्यातून एक-दोनदा, २० ते ३० मिनिटं, अशा आठ-दहा बैठका होऊ द्या. सुई बसली की आत जड, बोथट कळ जाणवायला हवी. विजेच्या झटक्यासारखी तिडीक गेली तर लगेच सांगायचं, ती नस असते. सुया सीलबंद, एकदाच वापरायच्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी कळवा, पेसमेकर असेल तर सुईला करंट लावू देऊ नका. उपाशीपोटी पाठवू नका. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या टोचून घेतलं तर भोवळ येते. आधी दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसवून पाणी द्या, आणि आईंना झोपवूनच सुया टोचायला सांगा.

सहा बैठकांनंतर जिना चढताना काहीच फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघा सुजून गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी.