ऑडिशनच्या आधी एवढं कर

अगं, जपानी आयडॉल ग्रुपच्या, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या ग्रुपच्या ऑडिशनला निघालीस ना, मग आवाज-बिवाज नंतर. आधी करारपत्र जपानी पक्कं येणाऱ्या कुणाकडून ओळ न् ओळ वाचून घे. मी घाईत सही केली आणि पोशाखाचे पैसे माझ्याच मानधनातून कापले गेले. प्रेमात पडायला बंदी असं कलमही सापडेल. त्यावरून टोकियोत खटले झालेत.

छोट्या ग्रुपची खरी कमाई ‘चेकी’वर. शो संपला की चाहत्यासोबत इन्स्टंट फोटो, त्यावर मार्करने त्याचं नाव, आणि तेवढ्या मिनिटभरात गप्पा. मागच्या वेळी तो काय बोलला होता, हे आठवलं पाहिजे! मी रात्री वहीत लिहून ठेवायचे.

रिकाम्या खुर्च्यांनी खचू नकोस. डिसेंबर २००५ मध्ये टोकियोतल्या अकिहाबारात एकेबी४८ या पुढे प्रचंड गाजलेल्या आयडॉल ग्रुपचा पहिला शो झाला, तेव्हा तिकीट काढून आलेले सातच जण होते.

आणि हो, टुरिस्ट व्हिसावर मानधन घेता येत नाही.