घरी लॅम्पवर्क मणी करायचे असतील तर आधी किल्न, मग रंग

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रेझिनचे दागिने करता, आता ज्योतीवर काच वितळवून स्वतःचे मणी करायचे आहेत. घरचा गॅस, छोटा टॉर्च (काच वितळवायची गॅसची ज्योत देणारा), कच्चा माल म्हणून फुटक्या बांगड्या आणि मणी गार करायला वर्मिक्युलाइटचा, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिज दाण्यांचा, डबा एवढ्यावर भागेल का? आणि बाजारात किलोवर मिळणाऱ्या मण्यांपुढे आपल्या मण्याला भाव मिळेल का?

वर्मिक्युलाइटपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. वर्मिक्युलाइटमध्ये किंवा सिरॅमिकच्या घोंगडीत मणी हळू गार होतो, एवढंच. त्याने काचेतला ताण जात नाही. ज्योतीतून बाहेर काढलेल्या मण्याचा पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागून, आणि ही ओढाताण काचेत अडकून राहते. मणी आज सुंदर दिसतो आणि तीन महिन्यांनी कुणाच्या तरी गळ्यात भोकापासून भोकापर्यंत तडकतो. ताण काढायचा तर मणी किल्नमध्ये, म्हणजे तापमान नेमकं राखणाऱ्या भट्टीत, ठरलेल्या तापमानाला धरून ठेवावा लागतो. त्याला ॲनीलिंग म्हणतात. नेहमीच्या 104 काचेला (हा आकडा काचेच्या प्रसरणाचा, पुढे येईलच) ते साधारण 510 ते 520 अंश सेल्सिअसला करतात. शेवटचा मणी आत गेला की तिथे किमान अर्धा तास, मोठ्या मण्यांना जास्त, मग तासाला पन्नास-साठ अंशांच्या वेगाने 370 पर्यंत उतरवायचं आणि पुढे किल्न आपोआप गार होऊ द्यायचा. दार सकाळपर्यंत उघडायचं नाही.

वर्मिक्युलाइटचा डबा अगदीच निरुपयोगी नाही. त्यात न तडकता गार झालेले मणी साठवून नंतर एकदम किल्नमध्ये हळूहळू तापवून ॲनील करता येतात. शिकण्याच्या काळात तसं जरूर करा. पण ॲनील न केलेला मणी विकू नका, भेटही देऊ नका. वीज मध्येच गेली तरी घाबरायचं कारण नाही. दार बंद ठेवा आणि मणी शाबूत असतील तर दुसऱ्या दिवशी पूर्ण चक्र पुन्हा चालवा.

किल्न परदेशातूनच आणायला हवा असं नाही. प्रयोगशाळांसाठी मफल फर्नेस, म्हणजे छोट्या बंद विजेच्या भट्ट्या, बनवणारे कारागीर आपल्याकडे आहेत. तापमान टप्प्याटप्प्याने चढवणारा-उतरवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर आणि मॅन्ड्रेल (ज्यांच्यावर मणी गुंडाळतो त्या सळया) बाहेर राहतील अशी दारात फट, या दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. रंगीत रॉड्सचा, म्हणजे काचेच्या कांड्यांचा, मोह मला कळतो, पण पहिले पैसे इथे घाला. काळा, पांढरा, पारदर्शक आणि एखादा आवडता रंग यावर पहिलं वर्ष छान जातं.

आता बांगड्या. बांगडीची काचही सोडा-लाइमच असते आणि ती ज्योतीवर वितळतेही. अडचण एकत्र करण्यात आहे. तापल्यावर काच किती प्रसरण पावते ते प्रत्येक काचेचं वेगळं असतं. मुरानोहून येणाऱ्या एफेत्रेच्या रॉड्सचा हा आकडा 104, बुल्सआय काचेचा 90, बोरोसिलिकेटचा 33. न जुळणाऱ्या दोन काचा एका मण्यात आल्या तर कितीही ॲनील करा, तो फुटणारच. बांगडीवर असा आकडा लिहिलेला नसतो आणि हिरव्या व लाल बांगडीचा घाणा एकच असेल याची खात्री नाही. एका बांगडीचा एकरंगी मणी करून हात बसवायला हरकत नाही. दोन रंग वापरायचेच असतील तर दोन्हीची टोकं तापवून एकमेकांना शेजारी-शेजारी चिकटवा आणि त्यातून बारीक लांब तार ओढा. गार झाल्यावर तार सरळ राहिली तर आशा आहे. धनुष्यासारखी वाकली तर त्या दोन काचांचं जमणार नाही.

गॅसबद्दल मात्र कडकपणे सांगते. स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर या कामाला वापरायचा नाही. तो फक्त घरगुती वापरासाठी असतो, आणि त्याच्या रेग्युलेटरचा दाब टॉर्चला पुरतही नाही. व्यावसायिक सिलिंडर आणि दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर घ्या, ज्योत नळीत उलटी शिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर बसवा, प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडर बाहेर मोकळ्या हवेत हवा. खिडकी उघडी एवढं पुरत नाही. ज्योतीच्या वर हवा खेचणारा पंखा आणि समोरून ताजी हवा आत येण्याची वाट, दोन्ही लागतात, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं दिसत नाहीत.

नुसत्या गॅसवर चालणाऱ्या टॉर्चवर 104 काच होते, पण सावकाश, आणि काही रंग काजळतात. ऑक्सिजन मिळाला की काम पालटतं. 2021 नंतर आपल्याकडे मिनिटाला 5 लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खूप घरांत नुसते पडून आहेत. छोट्या बेंच टॉर्चला असा एक पुरतो. ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडाला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. डोळ्यांना डायडिमियमचा चष्मा हवा. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे जो पिवळा झोत उठतो तो हा चष्मा गाळतो, आणि त्या झोताआड मणी नेमका कसा वितळतोय ते दिसू लागतं. पुढेमागे बोरोकडे, म्हणजे बोरोसिलिकेट काचेकडे, वळलात तर हा चष्मा पुरणार नाही, तिथे वेल्डिंगसारखी गडद काच लागते.

खरी गंमत सळईवर काच पहिल्यांदा टेकते तिथे आहे. स्टेनलेस स्टीलच्या मॅन्ड्रेलला केओलिनसारख्या मातीचा बीड रिलीज (मणी सळईला चिकटू न देणारा लेप) लावून पूर्ण सुकवलेला असतो. रॉडचं टोक ज्योतीच्या कडेने आत-बाहेर करत आणायचं. एकदम घुसवलं तर तडतडून ठिकऱ्या उडतात. टोकाला काकवीसारखा जड थेंब लोंबायला लागला की मॅन्ड्रेलचा तो भाग मंद लाल होईपर्यंत तापवा, थेंब अलगद टेकवा आणि मॅन्ड्रेल आपल्यापासून दूर फिरवत काच गुंडाळून घ्या. मॅन्ड्रेल गार असेल तर काच धरत नाही, आणि थोड्या वेळाने रिलीज तुटून मणी गरगर फिरायला लागतो. पहिल्या वेढ्याची रुंदी म्हणजेच मण्याची लांबी. ती दोन्ही कडांना सरळ बसली, की वर काच चढवत जाताना पृष्ठताण कडा आत ओढतो आणि भोकाशी छोटी खळी तयार होते. ही खळी प्रत्येक मण्याला हवीच. तिच्याशिवाय भोकाची कड धारदार राहते आणि दोरा कापते. पहिले कितीतरी आठवडे नक्षी सोडून फक्त गोल मणी आणि दोन खळ्या एवढाच सराव करा. मणी निघाल्यावर आतली माती पाण्याखालीच डायमंड रीमरने (भोक घासायच्या हिरेकणी लावलेल्या सळईने) काढा, ती कोरडी उडून छातीत जाऊ देऊ नका.

नक्षीकडे आलात की रंगांचे स्वभाव कळू लागतील. आयव्हरी म्हणजे हस्तिदंती काचेवर टर्क्वॉइज म्हणजे फिरोजी काचेचा ठिपका ठेवलात तर दोघांच्या मध्ये काळपट रेघ उमटते. एकातला गंधक आणि दुसऱ्यातलं तांबं यांची ती प्रक्रिया. कुणी ती टाळतं, मला ती फार आवडते. ज्योतीत ऑक्सिजन कमी केला की तोच टर्क्वॉइज विटकरी होतो. अशा गोष्टींची वही ठेवा, तुमची शैली त्यातूनच येणार आहे.

आणि नमुन्यांसाठी फोनपेक्षा संग्रहालयात बघा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातले जुने मणी भिंग घेऊन पाहा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1945-46 च्या उत्खननातही काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या. काचेतल्या रेषा भोकाभोवती फिरत असतील तर मणी आपल्यासारखाच गुंडाळून केलेला, भोकाला समांतर धावत असतील तर नळी ओढून कापलेला. पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर दीक्षितांनी भारतीय काचेवर केलेलं काम याच भागातून उभं राहिलंय, मिळालं तर नक्की वाचा.

भावाचं म्हणाल, तर 'हँडमेड' एवढ्यावर विकू नका. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगर आणि वाराणसीचे कारागीरही हातानेच मणी करतात, आणि त्यांच्या हाताचा वेग आपल्याला कधी येणार नाही. त्यांच्याशी किमतीत स्पर्धा करणं चुकीचं आहे, त्यांच्यासाठीही आणि आपल्यासाठीही. तुम्ही तुमची नक्षी, ॲनील केल्याची हमी आणि स्वच्छ भोक विकता. पारदर्शक मणी दोन आडव्या-उभ्या पोलराइजिंग फिल्म्समध्ये धरून गिऱ्हाइकाला दाखवा. ताण असेल तिथे उजळ डाग दिसतात, नसेल तर मणी काळोखाच राहतो.

सुटे मणी विकण्यापेक्षा एक मुख्य मणी आणि काळ्या मण्यांची पोत असा जोड जास्त चालतो. त्यासाठी 2.4 मिलिमीटरचा मॅन्ड्रेल वापरा, 1.6 च्या भोकातून दुपदरी पोतीचा दोरा आणि गाठ जात नाही. पहिला मणी घेऊन एखाद्या पटवेकऱ्याकडे (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडे) जा आणि त्याच्यासमोर गाठवून घ्या. भोक कुठे अडतं, खळी पुरेशी आहे का, हे तो बोटाने चाचपून सांगतो. टॉर्च घेण्याआधी तुमच्या खोलीचा फोटो आणि खिडकीचं माप इथे टाका, पंखा कुठे बसवायचा ते बघून सांगते.